जमिनीसोबत आलेलं जुनं झाड: पहिल्या दोन वर्षांत काय करायचं

पुण्याहून येऊन मुळशीत, भोरला किंवा पुरंदरला दहा-वीस गुंठे घेणारा माणूस रस्ता बघतो, विहिरीला पाणी किती महिने टिकतं ते विचारतो, सातबारा दोनदा तपासून घेतो. जमिनीत एखादं जुनं झाड असलं तर ते आवडतंच, पण त्याची चौकशी कोणी करत नाही. इतकी वर्षं उभं आहे, म्हणजे पुढेही राहील असं आपण धरून चालतो. बांधावरचा रायवळ आंबा, गोठ्यामागची चिंच, ओढ्याकाठचं जांभूळ, विहिरीवरचं उंबर, वाटेवरचा वड, अशा झाडांसाठी हा लेख आहे.

आमच्याकडे मुळशीत असा एक आंबा आहे. त्याच्या रसाला शेपेचा वास येतो म्हणून गावात त्याला शेप्या म्हणतात. घर बांधताना पायाचा निघालेला मुरूम कुठे टाकायचा असं जेसीबीवाल्यानं विचारलं, तेव्हा मीच त्याला आंब्याखालची जागा दाखवली. सावलीत काही उगवत नव्हतं, जागा मोकळीच होती. दोन फुटांचा थर बसला. पुढचे दोन पावसाळे झाडानं काहीच दाखवलं नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात शेंडे वाळायला लागले आणि आम्ही औषधं विचारत फिरलो. शेवटी गावातल्या एका आजोबांनी बुंध्याशी काठी टेकवली आणि म्हणाले, "याला पुरलंय तुम्ही." सगळा मुरूम हातानं उपसायला अख्खा हिवाळा गेला. शेप्या आज जिवंत आहे, पण वरचा तिसरा हिस्सा गेला तो गेलाच.

तेव्हापासून मी जुन्या झाडाकडे बघताना आधी खाली बघते. त्याच्यासाठी करायचं बरंचसं काम पायाखालच्या जमिनीत असतं, आणि त्यातलं निम्मं काम म्हणजे काही गोष्टी न करणं.

आधी एक वर्ष नुसतं बघा

जमीन ताब्यात आल्यावर पहिल्या वर्षी झाडावर कुऱ्हाड, कोयता, खत, औषध काही चालवू नका. एक वही करा. एकाच जागी उभं राहून जुलैत आणि फेब्रुवारीत झाडाचा फोटो घ्या. पालवी कधी आली, मोहोर कुठल्या बाजूला आला, कुठली फांदी उघडी राहिली, कुठले पक्षी कुठल्या ढोलीत जातात, ते लिहा. शेजारच्या शेतकऱ्याला झाडाबद्दल विचारा. त्याचा आंबा गोड की आंबट, कुठल्या वर्षी वीज पडली, खाली कोणाची गुरं बसायची, हे त्याला ठाऊक असतं.

झाडाचं वय काढायच्या फंदात पडू नका. सागाच्या खोडात वर्षाची वलयं स्पष्ट दिसतात, आंबा-चिंच-वडात तशी भरवशाची दिसत नाहीत. "दोनशे वर्षांचं आहे" असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्यावं. कामाला येतो तो घेर.

घेर मोजा आणि वर्तुळ आखा

संपूर्ण लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे साधारण 1.37 मीटरवर, खोडाभोवती टेप गुंडाळा. आलेल्या घेराला 3.14 ने भागलं की व्यास मिळतो. घेर 314 सेंटिमीटर भरला तर व्यास 1 मीटर. जुन्या झाडासाठी या व्यासाच्या 15 पट त्रिज्येचं वर्तुळ राखायचं, म्हणजे बुंध्यापासून 15 मीटर. झाडाचा पसारा, म्हणजे फांद्यांचा घेर, दूरवर गेला असेल तर पसाऱ्याच्या कडेपासून आणखी 5 मीटर बाहेर जायचं. दोन्हींत जे अंतर मोठं ते आपलं. हा हिशोब इंग्लंडात कित्येक शतकं जुने ओक सांभाळणाऱ्या लोकांचा आहे. आपल्या डोंगरात ओक नाहीत, पण मुळांना हवा आणि पाणी लागतं ते तिकडे लागतं तसंच इकडेही लागतं.

आता हे गुंठ्यांत मोजून बघा. 15 मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जवळपास 707 चौरस मीटर, म्हणजे 7 गुंठे. अकरा गुंठ्यांच्या तुकड्यात असा एक आंबा असेल तर अर्ध्याहून जास्त जमीन त्याची झाली! हा आकडा ऐकून माणसं गप्प होतात. पण घराचा नकाशा काढण्याआधी तो कळलेला बरा. एवढी जागा सोडणं शक्यच नसेल तर निदान पसाऱ्याच्या कडेपर्यंतची जमीन अजिबात हलवू नका, आणि एका बाजूनं कमी दिलंत तर दुसऱ्या बाजूनं जास्त द्या. चारही बाजूंनी आवळलेलं झाड सहसा सावरत नाही.

एवढी जागा का लागते? झाडाची मुळं झाडाच्या उंचीइतकी खोल जातात, असा एक समज पक्का बसलेला आहे. प्रत्यक्षात अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि ती आडवी, पसाऱ्याच्याही बाहेर जातात. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात, त्यांतून हवा मुळांपर्यंत पोचते. जेसीबी, ट्रॅक्टर, वाळूचा ट्रक एकदा जरी ओल्या जमिनीवरून गेला तरी त्या पोकळ्या दबतात आणि कित्येक वर्षं दबलेल्याच राहतात. वर मुरमाचा थर टाकला की तेच होतं, फक्त हळू. झाडाच्या अंगात साठा असतो, त्यावर ते दोन-तीन वर्षं काढतं. म्हणून कारण आणि परिणाम यांची सांगड आपल्याला लागत नाही, आणि शेंडा वाळला की आपण कीड शोधत बसतो.

बांधकाम सुरू व्हायच्या आधी वर्तुळावर बांबू रोवून कुंपण घाला. नुसती चुन्याची रेघ पुरत नाही, पहिल्याच दिवशी तिच्यावरून गाडी जाते. आत वीट, वाळू, खडी ठेवू द्यायची नाही, सिमेंट कालवू द्यायचं नाही, मिक्सर धुतलेलं पाणी सोडू द्यायचं नाही. मजूर दुपारी सावलीला बसतीलच, त्यांना बसू द्या, चूल मात्र बाहेर मांडायला सांगा.

पाइपलाइन वर्तुळातूनच न्यावी लागत असेल तर मशीन नको. हातानं खोदा, अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं की त्याच्या खालून पाइप सरकवा, आणि चर उघडी ठेवू नका. उन्हात उघडं पडलेलं बारीक मूळ एका दुपारीत सुकतं, तेवढा वेळ ओलं गोणपाट टाका. शोषखड्डा तर वर्तुळात अजिबात नको.

कागद

ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 लागू आहे. त्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, हिरडा, मोह, साग, खैर, चंदन, ऐन, किंजळ अशी झाडं आहेत. तुमच्या मालकीच्या जमिनीतलं असलं तरी यांतलं झाड तोडायला आधी परवानगी लागते. वाळलंय म्हणून परस्पर तोडू नका, तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारा. तुमचं गाव पुणे महापालिकेत गेलं असेल, म्हणजे 2017 साली गेलेल्या 11 किंवा 2021 साली गेलेल्या 23 गावांपैकी असेल, तर नागरी क्षेत्रासाठीचा 1975 चा कायदा बघायचा. त्यात 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं आहे.

सातबाऱ्यावरचा इतर अधिकारांचा रकाना वाचा. कागदावर काही नसलं तरी एखाद्या चिंचेची चिंच वर्षानुवर्षं शेजारचं घर उतरवत असतं. ती वहिवाट पहिल्याच वर्षी मोडू नका. झाडावर चढून वाळकं काढणारी, वणवा लागला तर धावत येणारी तीच माणसं असतात.

वर्तुळातली जमीन

मुळशी, वेल्हे, भोर भागात देवराया आहेत. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. एखाद्या देवराईत उभं राहून पायाखाली बघा. पाय बुडतो. पान पडलं की तिथेच कुजतं, फांदी पडली तरी उचलायची नाही ही रीत. तसल्याच जातीची झाडं बाहेरच्या उघड्या, झाडून काढलेल्या जमिनीवरही असतात, पण त्यांच्या पायाशी माती विटेसारखी वाजते. आपल्याला आपल्या झाडाखाली देवराईचा एक तुकडा तयार करायचा आहे.

पहिलं काम, बुंधा मोकळा करा. निरोगी झाडाचं खोड जमिनीत शिरताना रुंद होत जातं, मुळांचे खांदे वर दिसतात. खोड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत घुसलेलं दिसत असेल तर तिथे भर पडली आहे. ती हिवाळ्यात खुरप्यानं, हातानं, थोडी थोडी काढा. फावडं आणि कुदळ सालीला लागते. खाली बारीक मुळं सापडायला लागली की थांबा आणि उरलेलं पुढच्या वर्षावर ठेवा.

मग जमीन किती दबली आहे ते बघा. चांगला पाऊस होऊन गेल्यावर जुलैत बोटाएवढी जाड लोखंडी सळई दोन्ही हातांनी दाबा. वीतभर सहज गेली तर ठीक. दोन-तीन बोटांवर अडली आणि खाली दगडही नसला तर जमीन दबली आहे. अशा जागी नांगरायचं नाही. नांगरानं मुळं तुटतात आणि झाड आणखी मागे जातं. पहारीनं भोकं पाडा: दोन इंच रुंद, फूटभर खोल, एकमेकांपासून दोन फुटांवर. खोडापासून पसाऱ्याच्या निम्म्या अंतरावर सुरुवात करून कडेच्या बाहेरपर्यंत जा. जाड मूळ लागलं तर भोक सरकवा. आत कुजलेलं कंपोस्ट आणि जाडी वाळू भरा. हे काम पहिल्या पावसानंतर, जमीन मऊ पण चिखल नसताना करायचं. मोठ्या झाडाला चार दिवस लागतात. आम्ही दर वर्षी एक चतुर्थांश भाग असं चार वर्षांत केलं, आणि माझ्या मते तसंच करावं.

त्यावर पाचोळा. झाडाचीच पानं सर्वांत चांगली, कमी पडली तर उसाचं पाचट किंवा फांद्यांचा चुरा. चार ते सहा इंचांचा थर, पण बुंध्यापासून हातभर जागा उघडी सोडून. सालीला चिकटून ओला पाचोळा राहिला तर साल कुजते. ताजं शेण घालू नका. युरिया, डीएपी तर नकोच. नवीन बागेला जे लागतं ते या झाडाला लागत नाही. खतानं अचानक कोवळी फूट वाढते आणि मुळांना तिला पुरवणं जमत नाही.

पाचोळा ठेवला की आगीचा विचार करावाच लागतो. आपल्याकडे फेब्रुवारीपासून डोंगर पेटायला लागतात. जानेवारी संपायच्या आत वर्तुळाच्या बाहेरून दहा फुटांचा पट्टा गवत कापून साफ करा. जाळून साफ करत असाल तर चार माणसं आणि पाणी हाताशी ठेवून, वारा नसताना, सकाळी. भाताच्या भागात राबासाठी, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन भाजायला, ऐन-किंजळाच्या फांद्या उतरवून खाचरात भाजतात. तुमच्या बांधावरचं जुनं झाड त्या वाटणीत असेल तर आधी बोलून घ्या, आणि राब झाडाच्या पसाऱ्याखाली रचला जाणार नाही एवढं बघा.

गुरं सावलीला बसतात, ते दिसायला छान दिसतं. पण रोज दहा गुरं एकाच जागी बसली तर दोन वर्षांत जमीन काँक्रीट होते. त्यांच्यासाठी दुसरीकडे छप्पर करा. घाणेरी वाढली असेल तर ती मुळाशी कापून काढा, मशीन घालून उपटू नका.

पाराबद्दल नेहमी विचारतात. गावांतले जुने पार दगडमातीचे, सांध्यांतून पाणी मुरणारे असतात, आणि त्यांच्यासोबत झाडानं आपली मुळं लावून घेतलेली असतात. त्यांना हात लावू नये. नवा पार, त्यावर सिमेंट, टाइल, आत माती भरलेली, हे मात्र शेप्यावर टाकलेल्या मुरमासारखंच आहे. बसायला जागा हवी तर लाकडी बाक ठेवा, पायांखाली सपाट दगड.

पाणी

ताम्हिणीच्या बाजूला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. पुणे शहराला 700 मिलिमीटरच्या आसपास, आणि दौंड-बारामतीकडे 500 च्या आसपास. मुळशीतल्या जुन्या झाडाला उन्हाळ्यात पाणी द्यायची गरज सहसा नसते. पुरंदर, शिरूर, दौंड भागात पावसानं दगा दिलेल्या वर्षी, किंवा मुळांना धक्का बसलेल्या झाडाला, ते द्यावं.

द्यायचं ते बुंध्यात नाही. बुंध्याला आळं करून रोज बादलीभर ओतणं म्हणजे साल कुजवणं. पाणी पसाऱ्याच्या बाहेरच्या निम्म्यात द्या. पसारा 10 मीटर त्रिज्येचा असेल तर 5 ते 10 मीटरमधल्या कड्याचं क्षेत्र साधारण 235 चौरस मीटर येतं. त्यावर 20 मिलिमीटर पाणी म्हणजे 4,700 लिटर, थोडक्यात पाच हजार लिटरचा एक टँकर. तो एकदम न सोडता दोन दिवसांत, पाइप फिरवत, मुरेल तसा. महिन्यातून एकदा असे मार्च, एप्रिल, मे मिळून तीन टँकर पुष्कळ झाले. पाचोळ्याचा थर असेल तर त्यातलाही एखादा वाचतो.

आता वर बघा

जुनं झाड शेंड्याकडून वाळायला लागलं म्हणजे मेलं असं नाही. म्हातारपणी झाड स्वतःला आवरून घेतं: लांबचे शेंडे सोडून देतं आणि खाली, खोडाजवळ नवी फूट धरतं. जुन्या ओकांच्या माथ्यावर सांबराच्या शिंगांसारख्या वाळक्या फांद्या दिसतात आणि खाली हिरवा पसारा भरलेला असतो. अशा अवस्थेत ओक शेकडो वर्षं काढतात. आपल्या आंब्या-चिंचेतही शेंडा वाळका आणि खाली धुमारे असं दिसलं तर ते धुमारे जपा. "पाणफूट आहे, काढून टाका" असा सल्ला बागायतदार देतील. तो कलमी बागेसाठी बरोबर आहे. जुन्या झाडाचा पुढचा पसारा याच फुटीतून होणार असतो.

ढोलीचंही तसंच. खोडाचा मधला गाभा मेलेलंच लाकूड असतो, जिवंत भाग सालीखाली असतो. गाभा कुजून ढोली झाली तरी भोवतीची भिंत जाड असेल तर झाड भक्कम उभं राहतं. ढोलीत सिमेंट किंवा विटा भरू नका, पाणी साठतं म्हणून खालून भोक पाडू नका, आतलं मऊ लाकूड खरवडू नका. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून कुंपण घालतं. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शिगो यांनी आयुष्यभर खोडं उभी चिरून हे दाखवलं. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, ती बंद केली जाते. खरवडताना किंवा भोक पाडताना आपण नेमकं ते कुंपण फोडतो. ढोलीत पिंगळा असतो, पोपट असतात, राखी धनेशाची मादी अंडी घालताना आत बसून तोंड लिंपून घेते. उन्हाळ्यात ढोलीच्या फांदीवर काम काढायच्या आधी आठवडाभर नुसतं बघा. ढोलीत दिवा, उदबत्ती, कापूर लावू देऊ नका. आतलं कोरडं लाकूड पेटलं की विझवायला फार जड जातं.

मग फांदी कधी काढायची? खाली माणूस, गुरं, घर किंवा वाट असेल आणि वरची फांदी वाळकी असेल तेव्हा. त्यातही आधी खालची वस्तू हलवता येते का बघा. फाटक वीस फूट सरकवणं फांदी उतरवण्यापेक्षा स्वस्त पडतं. ओढ्याच्या बाजूला, कुणी न जाणाऱ्या जागेवर वाळकी फांदी असेल तर राहू द्या. तांबट पक्षी असल्याच वाळक्या लाकडात घर कोरतो.

हे काम फेब्रुवारीत ठरवा, कारण एप्रिल-मेच्या वळवात फांद्या पडतात. वाळकं लाकूड कोरड्या हवेत केव्हाही काढता येतं. जिवंत फांदी काढायची असेल तर चिंचेची चिंच उतरवल्यावर, आंब्याची आंबे उतरल्यावर लगेच, पाऊस लागायच्या आत. एका वर्षात झाडाच्या एकूण पानोऱ्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त हात लावू नका.

कापायची रीत तीन कापांची. पहिला काप फांदीच्या खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, जाडीच्या पाव हिश्शापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा बाहेर. फांदी वजनानं पडते आणि साल सोलत खोडापर्यंत जात नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगवटा असतो, तो शाबूत ठेवून त्याच्या बाहेरून कापायचं. खोडाला लागून सपाट कापलं तर जखम दुप्पट होते. लांब खुंट ठेवला तर तो कुजत आत जातो. कुऱ्हाड नको, करवतच. कापावर डांबर, ऑइलपेंट काही लावू नका. आंब्याच्या लहान ओल्या कापांवर बोर्डो पेस्ट लावायची आपल्याकडे रीत आहे, 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना 10 लिटर पाण्यात. ती लावायला माझी हरकत नाही. मोठी जखम मात्र उघडी राहू द्या.

उंचावरचं काम स्वतः करू नका. दोर, पट्टा, शिरस्त्राण असलेला माणूसच चढवा. तार जवळ असेल तर महावितरणला कळवून लाइन बंद करून घेतल्याशिवाय कोणालाही वर पाठवू नका. लांब, जड, खाली झुकलेली जिवंत फांदी असेल तर कापण्याआधी टेकूचा विचार करा. सागाचा किंवा बाभळीचा, वर दुबेळकं (दोन फाट्यांचं बेचकं) असलेला खांब, वर गोणपाटाची गादी, आणि खाली सपाट दगड. दर वर्षी टेकू सालीत रुतत नाही ना ते बघायचं.

तीन खुणा दिसल्या तर मात्र वाट बघू नका: बुंध्याच्या एका बाजूची जमीन उचलली गेली आहे किंवा तिला नवी भेग पडली आहे, झाड पूर्वीपेक्षा कललेलं आहे, किंवा बुंध्यालगत कडक, फळीसारखी भूछत्रं आली आहेत. शेवटची खूण बहुधा मुळं कुजत असल्याची असते. खालचा वावर बंद करा आणि जाणकाराला बोलवा.

कीड आणि पाहुणे

आंब्याचा खरा शत्रू भिरूड, म्हणजे खोडकिडा. खोडावर भोक, त्यातून भुसा पडलेला, आणि वरची फांदी वाळायला लागलेली. तार वाकवून आतली अळी ओढून काढा, भोकात रॉकेलचा किंवा पेट्रोलचा बोळा घालून चिखलानं बंद करा. महिन्याभरानं ताजा भुसा दिसतो का बघा. दुबळं झालेलं झाड भिरुडाला लवकर बळी पडतं, म्हणून पुन्हा पायाखालच्या जमिनीकडे यावं लागतं.

बांडगूळ दिसलं की नुसती पानं ओरबाडू नका. त्याचं मूळ फांदीच्या आत गेलेलं असतं, म्हणून ते जिथे चिकटलं आहे त्याच्या फूटभर खालून फांदी कापा. फळं धरण्याआधी काढलं तर बरं. फुलटोच्या पक्षी ती फळं खाऊन चिकट बी फांदीवर पुसतो आणि पुढच्या वर्षी दहा ठिकाणी उगवतं. बांडगूळ मोठ्या फांद्यांवर फार झालं असेल तर सगळं एका वर्षात काढायला जाऊ नका, दहाव्या हिश्शाचा नियम इथेही पाळा.

वाळवीची माती खोडावर दिसली की लोक घाबरतात. ती बहुतेकदा बाहेरची मेलेली साल खात असते. झाडूनं माती झटका, एवढंच. गुळवेल चढली असेल तर असू द्या. आंब्याच्या बेचक्यात पिंपळ किंवा उंबर उगवलं असेल तर पेन्सिलीएवढं असतानाच उपटा. त्यानं खोडाला मिठी मारली असेल तर ओढून काढताना साल जाते, तेव्हा मग दोन्ही झाडं ठेवायची.

खिळे, काटेरी तार, झोक्याचा नायलॉन दोर, गुरं बांधायची साखळी, हे पहिल्याच महिन्यात काढून टाका. सालीत पूर्ण गिळलेली तार मात्र तशीच राहू द्या.

वडाचं वेगळं

वडाला पारंब्या हेच म्हातारपणाचं बळ. कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मुख्य खोड बुरशीनं कुजलं म्हणून 1925 साली काढून टाकलं, आणि झाड आजही पारंब्यांच्या खोडांवर पसरलेलं आहे. तुमच्या वडाच्या पारंब्या डोक्याला लागतात म्हणून छाटू नका. जड फांदीखालची एखादी पारंबी निवडा, पोकळ बांबू उभा चिरून तिच्याभोवती बांधा, आत माती-कंपोस्ट भरून ओलं ठेवा. जमिनीला टेकली की बांबू काढा. ती खांब व्हायला वर्षं लागतात, म्हणून सुरुवात लवकर करायची.

वटपौर्णिमेला बायका सूत गुंडाळतात. सुती असेल तर ते कुजून पडतं. हल्ली बाजारात येणारा दोरा पुष्कळदा सिंथेटिक असतो, तो वर्षानुवर्षं सालीला आवळून राहतो. पूजेनंतर काही दिवसांनी, गावातल्या मोठ्या बायकांना विचारूनच, मी तो सैल करून काढते. सुती सुताच्या गुंड्या आधीच आणून ठेवल्या तर त्या आनंदानं वापरतात. फांद्या तोडून घरी न्यायची पद्धत असेल तर त्याऐवजी कुंडीतलं रोप द्या. दोन वर्षांत आमच्याकडे फांद्या तुटणं जवळपास थांबलं.

पुढचं झाड

रायवळ आंबा कोयीपासून झालेला असतो, म्हणून प्रत्येकाची चव वेगळी. ते झाड गेलं की ती चव गेली. तेवढ्यासाठी झाड धडधाकट असतानाच त्याची कलमं करून ठेवा. जून-जुलैत कोयी रुजत घाला. रोपं दहा-पंधरा दिवसांची, देठ अजून तांबूस असताना, जुन्या झाडाच्या तीन-चार महिन्यांच्या काडीचं कोय कलम बांधा. काडीचे डोळे फुगलेले पण न फुटलेले हवेत, आणि तिची पानं आठवडाभर आधी देठ ठेवून छाटायची. पहिल्या खेपेला दहा बांधा, चार जगली तरी चांगलं. गावात कलमं बांधणारा माणूस असेल तर त्याच्या शेजारी बसून शिका.

नवं रोप जुन्या झाडाच्या वर्तुळाच्या बाहेर लावा. आत खड्डा घेतला तर मुळं तुटतात, आणि सावलीत रोप वाढतही नाही. शेप्याची चार कलमं आम्ही उत्तरेच्या बांधावर, तीस-तीस फुटांवर लावली आहेत. शेळ्यांसाठी भोवती बोरीच्या काट्या, पहिले दोन उन्हाळे आठवड्याला दोन बादल्या पाणी. एक माकडांनी मोडलं, त्या जागी या जुलैत पुन्हा लावायचं आहे.